बोगद्याची तपासणी

१ मार्च
ऑफिसची मेल बंद! काल संध्याकाळपर्यंत चालत होती. मेल पुरवणाऱ्या कंपनीने म्हणे आधीच कळवलं होतं – आजपासून उघडी पत्रं नेणार नाही, कुलूपबंदच हवीत. वकीलबाईंचा मेलचा प्रोग्रॅम वीस वर्षांचा. त्याला हे नवं कुलूप समजतच नाही. नवा प्रोग्रॅम घालू का, विचारलं. सगळ्या केसेस त्यात आहेत, त्याला हात लावायचा नाही, म्हणाल्या. "तू कॉम्प्युटर शिकली आहेस ना? बघ मग."
शिकले आहे. घरात शिकलेली पहिलीच मी. त्यामुळे येत नाही म्हणायची चोरी.

४ मार्च
चार दिवस नुसतं वाचतेय. माझं टायपिंगही बाईच करताहेत. उपाय आहे – जुना प्रोग्रॅम आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये एक छोटा प्रोग्रॅम बसवायचा. जुन्याने पत्र त्याच्याकडे द्यायचं, त्याने ते कुलूपबंद करून पुढे न्यायचं. याला बोगदा म्हणतात. कारकूनकाका म्हणाले, खण बाई, गाडी कधी सोडतेस ते सांग.

५ मार्च
चाललं! दुपारी साडेतीनला पहिलं पत्र गेलं. बाईंनी पाठीवर हात ठेवला.
पण एक गोष्ट इथे लिहून ठेवते. पलीकडचा सर्व्हर खरोखर आपल्या मेल कंपनीचाच आहे का, हे बोगद्याने तपासायचं असतं. ते काही केल्या जमेना. मी तपासणी बंद ठेवली. म्हणजे पेटी कुलूपबंद, पण घ्यायला आलेला कोण ते विचारायचं नाही. बाईंना सांगितलं. चालतंय ना, मग झालं, म्हणाल्या.

६ मार्च
तपासणी अजून जमत नाही.

११ मार्च
आमची एक अशील – शिवणकाम करणारी. नवऱ्याच्या मारामुळे मुलीला घेऊन दोन महिने लपून राहत होती. नवी खोली कुठे, ते आमच्या ऑफिसशिवाय कोणाला माहीत नव्हतं. काल नवरा थेट तिच्या दारात उभा. आरडाओरडा नाही, काही नाही. मुलीला उचललं आणि चालू लागला. मागोमाग तीही गेली. शेजारणीने फोन करून सांगितलं. मशीनवर अर्धा शिवलेला फ्रॉक तसाच आहे म्हणे.
बाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझ्या त्या बोगद्यातून काही फुटलं नसेल ना?"
तिच्या पत्त्याचं पत्र महिलांच्या मदतकेंद्राला सात तारखेला मीच पाठवलं होतं – त्याच बोगद्यातून.

१२ मार्च
डबा तसाच परत आणला. आईने तीनदा कपाळाला हात लावून पाहिला. शेवटी बाबांना सगळं सांगितलं. जन्मभर नळ जोडलेला माणूस! म्हणाले, पाणी ठिबकतं तिथेच पाइप फुटलेला असतो असं नाही. मला त्यांचा रागच आला.

१४ मार्च
तपासणी जमली. एक फाइल चुकीच्या फोल्डरमध्ये होती. बस्, एवढंच! नऊ दिवस उशीर.
शिवणकामवालीचा फोन बंद.

१६ मार्च
बाईंना माफीनामा लिहून दिला. तपासणी मी बंद ठेवली, दोष माझा. त्यांनी दोनदा वाचला. "बरं झालं, लेखी दिलंस." वाटलं होतं, लिहून दिल्यावर हलकं वाटेल. नाही वाटलं.

१९ मार्च
बाई कोर्टात. काकांनी शिवणकामवालीची फाइल मागितली, म्हणून बाईंच्या कपाटातून काढली. त्यात तिच्या नवऱ्याला धाडलेली नोटीस. बाईंनी टाईप केलेली, मेल बंद म्हणून दोन तारखेला टपालाने गेलेली. वर, आमच्या प्रत्येक नोटिशीवर असतो तसा, अशिलाचा पूर्ण पत्ता. सोबत टाचलेली पोचपावती, नवऱ्याची सही – ४ मार्च. बोगदा सुरू व्हायच्या आदल्या दिवसाची.
माझा माफीनामा बाईंनी त्याच टाचणीने टोचलाय.