कमरेच्या गोळ्या माझ्या दप्तरात

आई, बाबा,

कापूस वेचायले जाताना आई रोज उपाशी पोटी कमरदुखीची गोळी काहून खाते? मैत्रिणी म्हणाल्या, घरी हे विचारायची तुझी हिंमत नाही. घ्या, विचारलं.

बाबा, किराणा दुकानातून सुट्ट्या गोळ्या तुमीच आणता. शाळेत आलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज उपाशी पोटी ह्या गोळ्या खाल्ल्यानं पोटात जखम होते, किडनी खराब होऊ शकते. म्हणून पुडी माझ्या दप्तरात आहे. रागवा, पण पुडी परत भेटणार नाही.

आई, कापसाची ओटी गच्च भरेपर्यंत कमरेले बांधून ओढत नको जाऊ. अर्धी झाली की रिकामी कर, वजनात कापूस तेवढाच भरते.

सोमवारी तू वेचायले जाणार नाही. मी तुले सरकारी दवाखान्यात नेऊन राहिली. मुकादमीनले सांगूनही आली.

तक्षशीला