अर्धा किलो पूड

३ फेब्रु.
बारामती. जुन्या ठिबक नळ्यांचा दळलेला माल नव्या प्लास्टिक दाण्यात मिसळला की मशीन कण्हतं, नळी खरखरीत येते. आज नवी पूड टाकून पाहिली. शंभर किलोला अर्धा. मशीनवाल्या तात्यांना सांगितलं, हिच्या रेणूला फांद्याच फांद्या, म्हणून तो गोळा होऊन बसतो, प्लास्टिकच्या लांब साखळ्यांत गुंतत नाही. तात्या : "म्हंजी कोबीचा गड्डा. घरंगळत जातोय."
नळी सुळसुळीत! मशीनचा दाब उतरला.

५ फेब्रु.
नळी दाबाला टिकली. मालकांनी पेढे वाटले. "इंदापूरचं नवं युनिट तुमच्याकडंच, मॅडम." घरी फोन करून सांगितलं. आई रडली. माझंही जरा तसंच.
मालकांनी लगेच तोच माल बावड्याला, त्यांच्या मेव्हण्यांच्या उसात जोडायला पाठवला. जरा थांबा म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

१० फेब्रु.
तेच माप, तीच पूड. नळी पुन्हा खरखरीत. वजनकाटा तीनदा तपासला. काटा बरोबर. मीच वेडी.

११ फेब्रु.
तात्यांनी चहाला बाजूला बोलावलं. "ताई, राग धरू नगा. एवढ्याशा पुडीनं काय व्हतंय, वाटलं. त्या पयल्या दिशी उसाला युरिया टाकतो तसा सढळ हातानं अजून अर्धा टाकला. तुमचं काम व्हावं म्हून."
लासुर्ण्याचा माणूस, पस्तीस वर्षं ऊस केला, हात आखडणार कसा? निवृत्तीला एक वर्ष राहिलंय त्यांच्या.

१३ फेब्रु.
पहिल्या मालाचा तुकडा आठवडाभर गच्चीवर उन्हात होता. बोट फिरवलं तर तुपकट. जास्तीची पूड वर येतेय. जोड लावून ओढला, सुटला.
बावड्यात पाणी अजून सोडलेलं नाही. परवा सोडणार.

१४ फेब्रु.
मालकांना फोन केला : पाणी सोडू नका. "का?" उद्या दहाला लेखी देते म्हटलं.
रिपोर्ट झाला. अर्ध्याऐवजी एक किलो, साफ लिहिलं. 'कोणाच्या हातून' हा रकाना तेवढा राहिलाय. तात्या जाताना म्हणाले, "माजं नाव लिवा. तुमाला इंदापूरला जायचं हाय."
मशीनवर उभी मी होते, लक्ष माझं हवं होतं. पण त्यांचं नाव लिहिलं तर इंदापूर अजून मिळू शकतं, आणि मला ते हवंय. फार हवंय.
जेवून घेते. रकाना कोराच आहे.