विहिणीकडे ताट चाटूनपुसून

१ ऑगस्ट
नातवंडं आली! कालोयान सात वर्षांचा, बिल्याना पाचची. जर्मनीत वाढलेली, आपलं बल्गेरियन जेमतेम कळतं. माझ्यापुढे तर तोंडच उघडत नाहीत. सून व्हियोलेता त्यांना सोडून परत निघताना म्हणाली, "आई, जिथे नीट जेवतील तिथेच पुढचा उन्हाळा राहू देत." म्हणजे माझ्याकडे, नाहीतर तिच्या आईकडे. हसत म्हणाली, पण मी काय ते समजले.

३ ऑगस्ट
पांढरं चीज, काकडी, टोमॅटो — ताटात आपला पांढरा-हिरवा-लाल झेंडाच मांडला. बिल्यानाला विचारलं, अजून हवं? मानेनेच हो म्हणाली. भरपूर वाढलं, तर रडायलाच लागली. ढोंगी कुठली! आमचे स्तोइलराव त्याहून वरताण. हिरवं दिसलं की कपाळाला आठ्या. "अगं, माणसांना वाढतेस की सशांना?"

६ ऑगस्ट, रविवार
पोरं दिवसभर त्सोन्काकडे, म्हणजे विहीणबाईंकडे. आणायला गेले तर ताटं चाटूनपुसून लख्ख. काय केलं होतं म्हणे? भात भरलेली भोपळी मिरची. बस्स!

जळफळाट झाला माझा. इथे कोण वाचणार आहे, म्हणून लिहिते. ती त्सोन्का नऊ वर्षं तिकडे जर्मनीत म्हाताऱ्यांची शुश्रूषा करत होती. सुनेची दोन्ही बाळंतपणं तिनेच केली. पोरांचं पहिलं पाऊल तिने पाहिलं, मी फोटोत. आज तिघं मिळून जर्मनमध्ये खिदळत होती. माझ्यावरच हसत असतील.

७ ऑगस्ट
लाल, पिवळ्या, हिरव्या — तिन्ही रंगांच्या मिरच्या भरल्या. तिच्या नुसत्या लाल होत्या. कालोयानने एक संपवली, माझा जीव सुपाएवढा झाला. विचारलं, आणखी एक? मानेनेच नाही म्हणाला. उचललं ताट. मग कितीतरी वेळ भांड्याकडे बघत बसला. विहिणीकडे म्हणे तीन खातो.

११ ऑगस्ट
बीटचं सूप. एकीने रडून खाल्लं, दुसऱ्याने दोन चमचे घेऊन नको म्हटलं. स्तोइलने पाव खाल्ला.

१५ ऑगस्ट
मेरीमातेचा सण. चर्चच्या दारात त्सोन्का भेटली. म्हणाली, पोरं जरा सुकलीत हो. ऐकवायचंच होतं तिला! मी म्हटलं, ऊन फार आहे. घरी येऊन तिने दिलेला आलुबुखारचा मुरंबा कोंबड्यांना घातला. त्यांनीही मिटक्या मारत खाल्ला.

२४ ऑगस्ट
व्हियोलेताचा फोन. पुढच्या वर्षी पोरं तिच्या आईकडे राहतील. "तुम्हालाही त्रास नको, आई." मी बरं म्हटलं. मग परसात जाऊन उगाचच टोमॅटो तोडत बसले. कच्चेसुद्धा तोडले.

२७ ऑगस्ट
उद्या पोरं जाणार. जनाची लाज म्हणून विहीणबाईंना जेवायला बोलावलं होतं. परत भरलेल्या मिरच्याच केल्या. कालोयानची एक संपली. विचारलं, आणखी देऊ? त्याने मान वर-खाली केली — नाही. मी ताट उचलायला गेले, तर त्सोन्काने माझा हात धरला. "विहीणबाई, तो हो म्हणतोय. तिकडे जर्मनीत मान वर-खाली म्हणजे हो, आपल्या उलट. पोरांनी मान आडवी हलवली की नको."

म्हणजे महिनाभर पोर हो म्हणत होतं, आणि मी त्याच्यापुढचं ताट उचलत होते.