बेळगावहून तासाभरात

नाना, आई बरी आहे. आधी हे सांगते, मग बाकीचं. काल नाशिकच्या दवाखान्यात तिची अँजिओप्लास्टी झाली. आज सकाळी तिनं चहा मागितला आणि पांचट आहे म्हणून नर्सपाशी कुरकुरही केली. ती कुरकुर ऐकून मी बाहेरच्या बाकावर येऊन मनसोक्त रडले. इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

आता बेळगावहून नाशिकजवळ ओझरला विमान येतं, तुम्हाला हसू येईल. बारकंसं. आपल्यासारख्यांना परवडावं म्हणून त्यातल्या काही जागांच्या भाड्याचा भार सरकार उचलतं. मध्यंतरी ते बंदच पडलं होतं, आता सुरू आहे, पण रोज नसतं. काल होतं. सकाळी दादाचा फोन आला, "आईच्या छातीत दुखतंय, दवाखान्यात नेतोय," आणि मी अंगावरच्या साडीनिशी निघाले. शेजारच्या जागेवर पिंपळगावचे एक द्राक्षबागवाले होते. माझा चेहरा पाहून म्हणाले, "ताई, पयल्यांदाच बसल्या का? घाबरू नका, यष्टीपेक्षा लय बरं हाय." मग आईचं कळलं, आणि ओझरला उतरल्यावर ते स्वतःच्या गाडीनं मला थेट दवाखान्याच्या दारात सोडून गेले. नाव विचारायचंही राहिलं.

आईला आत न्यायच्या आधी मी तिच्यापाशी होते. "आली का गं? आत्ता तर फोन केला व्हता," म्हणाली आणि माझा हात सोडेचना. तुमच्या वेळी हे जमलं नाही. मी बेळगावचं स्थळ पसंत केलं तो दिवस अजून तसाच दिसतो. मी चुलीपुढे भाकरी थापतेय, तुम्ही ताटावर बसलात, आणि वर न बघता म्हणता, "तिथनं हाक मारली तर ऐकू यील का तुला?" मी पीठ तसंच टाकून उठते. लग्न तुम्ही नीट लावून दिलंत, पण माझ्या मनातून ते वाक्य गेलं नाही. पुढे तुम्ही गेलात आणि मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. बायका मला जवळ घेऊन म्हणत होत्या, लांब पडतं गं, तू तरी काय करशील. मग मीही तेच म्हणत राहिले.

आज चहा पिऊन झाल्यावर आई म्हणाली, "तव्हा हे इमान असतं, तर तुझी नि ह्यांची भेट झाली असती." मी तिची उशी नीट केली. हे पत्र कुठल्याच पेटीत पडायचं नाही, म्हणून इथं लिहिते. नाना, दादाचा फोन तेव्हाही वेळेत आला होता. संध्याकाळची बस होती, तिच्यात जागाही होती. मी तुमच्या त्या वाक्याचा राग धरून घरात बसले आणि दुसऱ्या दिवशीच्या बसनं निघाले.