पिल्लू पायावर उभं राहिलं

वन्सं,

तुमचं पिल्लू उभं राहिलं! तुम्ही पट्टी बांधलेल्या त्याच फाकलेल्या पायांवर! तुमचा नुकताच डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. "हे काही जगत नाही," म्हणणारे तुमचे बंधुराज आता शेजाऱ्यांना बोलावून दाखवताहेत, जणू अंडी यांनीच उबवली!

मी कामावर निघाले. पिल्लाच्या खोक्यावरचा दिवा चालू आहे. इनक्युबेटरमधल्या उरलेल्या अंड्यांनाही चिरा पडल्यात. त्यातलं आम्हा दोघांना काही कळत नाही, तुम्हीच बघा.

आणि हो, दाराशी तुमची भरलेली बॅग दिसली. ती रिकामी करून कपडे मी पुन्हा कपाटात लावलेत. रागवा खुशाल, पण संध्याकाळी मी आल्यावर, घरातच बसून रागवा.

वहिनी