दहा माणसांची टाकी

रविवार, ता. १२

प्रिय चिमे,

आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत, म्हणजे आई मला बोलते आहे आणि मला ते ऐकू येतं आहे.

हिरवळीला किती खर्च आला, असं तू विचारलं होतंस. पाइपवाल्याने घेतले ते सोड. खरा खर्च म्हणजे माझी कंबर, आईचे तीन गुलाब आणि शेजारच्या मास्तरांशी असलेलं बोलणं. त्यांच्या कुंपणालगत लिंबू लावतो म्हटलं, तर मुळं भिंतीत शिरतील म्हणून रुसले.

पण मागे झाड लावता येत नाही. सेप्टिक टँकचं पाणी ज्या छिद्रांच्या पाइपांतून जमिनीत मुरतं, ते सगळे मागच्या अंगणाखाली पसरलेत. वर झाड आलं की मुळं पाइपात. वरून पाणी मारलं की जमीन आधीच भिजलेली, मग खालचं मुरणार कुठे? मोरीतून वर येणार. म्हणून तिथे नुसतं गवत, तेही पावसावर जगेल असं. ठिबकची नळी त्या चौकोनाला वळसा घालून नेली. छपराचं पाणी दुसरीकडे काढलं. पोरांचा झोपाळा पुढे घेतला. मागे खांब रोवायचा म्हणजे पाइप फुटायचा.

टाकी मात्र बघण्यासारखी. गवंडी म्हणाला होता, "शेठ, घर केवढं आणि टाकी केवढी!" मी म्हटलं, दहा माणसांची बांध. आम्ही दोघं, तुम्ही चौघं, दादाचे चौघं. लोकांचे पंप दुरुस्त करून हे घर उभं केलं, त्यात कुणाची अडचण व्हायला नको. अख्ख्या गल्लीत एवढी टाकी कुणाची नाही. पुढे दादाने कळवलं की तो तिकडेच राहणार. पण बांधलेली टाकी काही लहान करता येत नाही.

आई म्हणते, बाग महिन्याभरात झाली असती. खरं आहे. मी नळी टाकतो, पुन्हा उखडतो. गुलाबांची ओळ इतक्यांदा हलवली की तीन रोपं गेलीच. "तुम्हाला नक्की हवंय तरी काय?" तिने विचारलं. मी म्हटलं, उतार जमत नाहीये.

चिमे, पंपाच्या आवाजावरून आत काय झिजलंय ते सांगणारा माणूस मी. मध्ये एकदा स्वयंपाकघराच्या खिडकीखाली नळी जोडत बसलो होतो. आईचे हात साबणाचे, म्हणून फोन ओट्यावर, मोठ्या आवाजात. तू म्हणालीस, "घराचं नक्की झालं, आई. आम्ही इथेच राहणार. बाबांना एवढ्यात नको सांगूस. त्यांची बाग होऊ दे, मग सांगू."

आई "बरं" म्हणाली. मग बराच वेळ नळ नुसताच वाहत होता.

तेव्हापासून बाग होत नव्हती.

काल शेवटचं निमित्त काढलं. गवत अंथरलं की झाकण उघडणं अवघड, म्हणून टाकी उपसायला गाडी बोलावली. बांधल्यापासून पहिल्यांदाच. टाकीवाल्याने गाळ किती साचलाय ते बघायला आत काठी घातली, बाहेर काढून पाहिली.

"काका, घरात माणसं किती?"

"दहा."

त्याने काठी पुन्हा घातली.

"दोन," आई मागच्या दारातून म्हणाली. "आणि त्यातलं एक दिवसभर बागेत."

तो हसला. मीही हसलो. आई आत गेली.

आज सकाळी गवत अंथरलं, शेवटची नळी जोडली. आता हलवायला काही उरलं नाही. तेव्हा फोन कर, आणि जे सांगायचंय ते मलाच सांग, आईला मध्ये घालू नकोस. तिला लपवता येत नाही. ताटं वाढताना हल्ली माझ्याकडे बघत नाही. झोपाळ्याचे खांब रोवून झालेत, ते आता राहू देत.

बाग पुरी झालेला,
तुझा बाबा

ता. क. टाकी उपसावी लागली नाही. गाडी आली तशी रिकामी परत गेली.