न दिसणाऱ्या पाव्हण्यांची मंडई

बाबूजी, गोंदियाच्या त्या दुकानदारानं तुम्हाला फसवलं असं घरात सगळे म्हणत होते, आणि सगळ्यांत मोठ्यानं मी म्हणत होते. कॉलेजच्या अभ्यासासाठी मी कॉम्प्युटर मागितला होता. तुम्ही धान विकून बाजारात गेलात आणि घेऊन आलात ते हातात मावणारं, खेळ खेळायचं एक जुनं यंत्र. "छोटा कम्प्यूटर ही है काकाजी, इंटरनेट भी चलता है," असं त्यानं सांगितलं म्हणे. तुम्ही ते दुपट्ट्यात गुंडाळून, बसमध्ये मांडीवर धरून सडक अर्जुनीपर्यंत आणि तिथून गावापर्यंत आणलंत. आई म्हणाली, पोरगी लग्नाची झाली आणि बाप खेळणं आणतो. तुम्ही ओट्यावर बसून मला ते चालू करायला लावलंत, पडद्यावर चित्र उमटलं तसे "पाह्य, चालते" म्हणालात आणि हातपाय धुवायला निघून गेलात. मला इतका राग आला होता की कितीतरी दिवस मी तुमच्याशी धड बोलले नाही.

दुकानदार खोटं बोलला नव्हता हे मला बऱ्याच उशिरा कळलं. त्या यंत्रासाठी जगभरातले हौशी लोक घरबसल्या आपापले प्रोग्राम लिहीत होते आणि फुकट वाटत होते. कुणी शब्दकोश केला होता, कुणी चित्रं काढायची वही, कुणी तारे ओळखायचा नकाशा. कंपनीचा त्यात काही संबंध नाही, सगळा घरगुती माल. अडचण एवढीच की तो यंत्रात घालायचा तर आधी कॉम्प्युटरवर उतरवायचा, मग कार्डावर चढवायचा. यंत्र माझ्याजवळ आणि कॉम्प्युटर गोंदियाच्या कॉलेजात. प्रत्येक वेळी कार्ड पर्समध्ये घालून बस पकडायची. याच वैतागातून मी ठरवलं की यंत्रातच चालणारा एक प्रोग्राम लिहायचा: तो स्वतः यादी आणेल, आपण बोट ठेवू ते उतरवेल आणि जागेवर बसवेल. लिहायचं कॉलेजच्या लॅबमध्ये, तपासायचं गावात येऊन. गावात मोबाइलचं नेट फक्त इटियाडोह धरणाच्या पाटाजवळ, आपल्या धानाच्या बांधीत, धुऱ्याच्या बांधावर चढलं की मिळायचं, तेही अर्ध्यात तुटायचं. अर्धवट उतरलेला प्रोग्राम चालवला की यंत्र थिजून जायचं. म्हणून मी आधी हेच शिकवलं त्याला, की जेवढं आलं तेवढं सांभाळून ठेव आणि नेट आलं की तिथूनच पुढे घे. मी धुऱ्यावर मोबाइल धरलेला हात उंच करून उभी असायची आणि धान रोवणाऱ्या बाया हसायच्या. तुम्ही त्यांना सांगायचात की पोरगी काम करून राहिली. काय काम ते तुम्हाला ठाऊक नव्हतं, पण सांगताना आवाजात कधी शंका नसायची.

मग एका दुपारी स्वयंपाकघरात सिंगाडे सोलता सोलता तुम्ही विचारलंत की हे आहे तरी काय. मी सांगितलं, माल लोकांचा, घेणारे पण लोकच, मी फक्त सगळं एका ठिकाणी दिसेल असं करते. तुमचे हात थांबले नाहीत. "म्हंजे मंडईच झाली ना," तुम्ही म्हणालात. दिवाळीनंतर आपल्या गावची मंडई जत्रेसारखी भरायची तेव्हा बांगडीवाल्यांना, उसवाल्यांना, खेळण्यांच्या दुकानांना जागा वाटून द्यायचं काम वर्षानुवर्षं तुमच्याकडे. दुकान आपलं नाही, माल आपला नाही, जागा तेवढी गावाची. इतकं चांगलं तर मला प्राध्यापकांनाही समजावता आलं नव्हतं, म्हणून मी खूश झाले. पण तुमचं समाधान कुठलं व्हायला. तुम्ही विचारलंत, "मंग त्यायले जेवाले कोन मनते?"

मी हसले. तुम्ही हसला नाहीत. एवढ्या दुरून माणूस आला, सामान घेतलं आणि तसाच गेला, हे तुम्हाला पटेचना. मंडईला आलेला माणूस ओळखीचा असो की नसो, त्याला जेवून जायला सांगायचं, ही आपल्याकडची रीत. त्याला भूक आहे की नाही हा प्रश्नच नाही. तुमची समजूत काढावी म्हणून मी प्रोग्राम बंद करताना एक ओळ येईल असं केलं, 'जेवून जाजा'. यंत्रात देवनागरी उमटत नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत. झालं, माझा प्रोग्रामही मी फुकट वाटत होते, थोड्याच दिवसांत तो वापरणाऱ्यांच्या परदेशातून तक्रारी आल्या की बाहेर पडताना एक अनोळखी बिघाड दिसतो. त्यांना मी अर्थ कळवला. त्यातल्या एकानं तिकडून इंग्रजीत उत्तर पाठवलं, 'जेवलो'. तुम्हाला वाचून दाखवलं तर तुम्ही गंभीरपणे विचारलंत, "काय जेवला मनते?"

त्याच वर्षी नागपूरच्या एका छोट्या कंपनीनं मला कामाला बोलावलं. माझा प्रोग्राम त्यांच्यातल्या कुणीतरी वापरला होता. आणि त्याच वर्षी चिचगडकडचं एक स्थळ तुम्ही स्वतः मंडईला बोलावून ठेवलं होतं. चांगलं घर, चांगली शेती. सोयरीक जमली असती तर नागपूर संपलं असतं. मी तुम्हाला विचारलं, जाऊ का? तुम्ही म्हणालात, मंडई होऊ दे. बस, एवढंच. मंडईच्या दिवशी बाहेर दंडारीच्या नाचाचा ढोल वाजत होता आणि मी पाव्हण्यांना वाढत होते. पाव्हणा जेवल्याशिवाय त्याला नाही म्हणायचं नाही हा तुमचा नियम मला माहीत होता, त्यामुळे तुमच्या गप्प बसण्यावरून मला काहीच कळत नव्हतं. त्यांचे हात धुऊन झाले, पानसुपारी झाली. मुलाचे वडील हसत म्हणाले, "पोरीले गेमचा नाद आहे मनतेत."

"नाद नाई, काम आहे," तुम्ही म्हणालात. "ते नागपूरले जाऊन राहिली. सोयरीकीचं मंग पाहू." आणि तुम्ही त्यांना आग्रहानं आणखी एक पान दिलंत. तांब्या हातात घेऊन मी दारात तशीच उभी राहिले. आई आतून माझ्या नावानं ओरडत होती.

तुम्ही गेलात त्याला आता बरीच वर्षं झाली. ते यंत्र बाजारातून गेलं, माझ्या मंडईला येणारे हळूहळू थांबले, आणि या आठवड्यात मी ती बंद केली. पुढे चालवा म्हणून सगळा कोड लोकांना देऊन टाकला. त्यावरूनच हे लिहायला बसले. पाठवायचं कुठेच नाही, त्यामुळे एक गोष्ट सांगून टाकते. नागपूरला मला अजिबात करमत नव्हतं. खोलीवर आले की बॅग भरायची आणि सकाळी रिकामी करायची. फोनवर तुम्ही पाटाला पाणी आलं की नाही ते सांगायचात, गाय व्याली ते सांगायचात आणि लगेच ठेवून द्यायचात. 'ये' असं एकदाही म्हणाला नाहीत. मला वाटायचं, पाठवली आणि सुटले. परवा आईजवळ मी हे बोलून गेले, तर ती म्हणाली, ते फोन घाईनं ठेवायचे आणि वर म्हणायचे, "ज्यास्त बोललो त ये मनून टाकीन."

तुम्ही म्हणाला असतात तर मी त्याच दिवशी आले असते आणि परत गेले नसते, बाबूजी. तुम्ही म्हणाला नाहीत ते बरंच झालं, असं मी सगळ्यांना सांगते. पण फोन वाजायचा तेव्हा दर वेळी मी तोच एक शब्द ऐकायला उचलायची.